मुक्त पत्रकारितेत पोट भरतं का? १६ वर्षांच्या वहीतून

लातूर जिल्ह्यातल्या एका दैनिकाच्या कार्यालयात आठ वर्षं बातमीदारी करणाऱ्या, ३१ वर्षांच्या एका पत्रकाराने मला विचारलं आहे: "पगार बावीस हजार. टँकरच्या खोट्या फेऱ्यांची बातमी पुराव्यानिशी आणली, ती जाहिरातदार दुखावेल म्हणून पडली. नोकरी सोडून मुक्त पत्रकारिता करावी म्हणतोय. यात पोट भरतं का? आणि खरंच समाधान मिळतं का, की नुसतं बोलायचं?"

दोन प्रश्न वेगळे विचारलेत हे बरं केलं. बहुतेक जण ते एकत्र विचारतात आणि तिथेच फसतात. म्हणजे असं की, समाधान भरपूर मिळतं, आणि ते मिळतं हे समोरच्याला ठाऊक असतं. "तुमचं नाव होतंय ना", "विषय महत्त्वाचा आहे हो", "आमच्याकडे बजेट कमी आहे पण पोहोच मोठी आहे" ही सगळी वाक्यं तुमच्या समाधानातून तुमचं मानधन वळतं करून घेण्यासाठी असतात. मी २००९ साली नोकरी सोडली. पहिली चार-पाच वर्षं मी हा वजावटीचा खेळ ओळखलाच नाही.

आधी पोटाचं बोलू. मी दर मार्चअखेर वहीत हिशेब मांडते. गेल्या आर्थिक वर्षाचा तुमच्यासमोर उघडते, कारण आकडे कोणी सांगत नाही आणि नव्या माणसाला भलत्याच कल्पना असतात. माझी एकूण बिलं झाली ६ लाख १२ हजारांची. त्यात वर्तमानपत्रं, मासिकं आणि संकेतस्थळांसाठी केलेल्या बातम्या-लेखांचे २ लाख ३५ हजार. भाषांतर आणि संपादनाचे २ लाख २ हजार. एका अभ्यासवृत्तीचा हप्ता १ लाख २० हजार. महाविद्यालयात तासिका तत्त्वावर शिकवण्याचे आणि दोन कार्यशाळांचे मिळून ५५ हजार. खर्च १ लाख ३१ हजार, त्यातला ९८ हजार नुसत्या फिरतीचा आणि बातमीदारीचा. म्हणजे हातात महिन्याला सरासरी चाळीस हजार. ऐकायला तुमच्या पगाराच्या जवळजवळ दुप्पट. पण बातमीदारीपुरतं पाहिलं तर २ लाख ३५ हजारांतून ९८ हजार वजा करा, आणि उरलेल्या रकमेला बाराने भागा. साडेअकरा हजारही होत नाहीत. माझी बातमीदारी माझं भाषांतर पोसतं. १६ वर्षांनंतर, बऱ्यापैकी नाव झाल्यावर, ही स्थिती आहे.

आणि हा सरासरीचा चाळीस हजार दर महिन्याला येत नाही. गेल्या वर्षी जूनमध्ये ४,५०० आले होते आणि मार्चमध्ये १ लाख १०. शाळेची फी जूनमध्ये असते.

आणखी एक गोष्ट सांगायलाच हवी, कारण ती लपवून सल्ला दिला तर ती सरळ फसवणूक होईल. मी नोकरी सोडली तेव्हा माझ्या घरात दुसरा पगार होता. नवरा अनुदानित शाळेत शिक्षक. पहिल्या वर्षी मी ६८ हजार रुपये मिळवले, वर्षाचे. घर चाललं ते त्याच्या पगारावर. मुक्त पत्रकारितेत टिकलेली जी मंडळी मला ठाऊक आहेत, त्यांच्यातल्या बहुतेकांमागे असं काहीतरी आहे: बायकोची नोकरी, घरची शेती, वडिलांचं पेन्शन, स्वतःच्या मालकीचं छप्पर. ज्यांच्यामागे काही नव्हतं, त्यांतली हुशार पोरं दोन वर्षांत पीआर कंपन्यांत किंवा एखाद्या आमदाराच्या समाज माध्यमांच्या कक्षात गेली. मी त्यांना नावं ठेवत नाही. म्हणून माझा तुम्हाला उलटा प्रश्न: तुमच्या घरात दुसरा पगार आहे का? नसेल तर वर्षभराचा घरखर्च बँकेत आहे का?

दराबद्दल लोक फार विचारतात. मला वाटतं दरापेक्षा दिवस मोजावेत. ऊसतोड कामगारांच्या मुलांच्या हंगामी वसतिगृहांवर मी एक बातमी केली. फोनाफोनी दोन दिवस, बीड जिल्ह्यात फिरती तीन दिवस, मुलाखती उतरवून काढायला दोन, लिहायला दोन, आणि डेस्कच्या, म्हणजे मजकूर तपासणाऱ्या संपादकांच्या, शंका निरसण्यात एक. दहा दिवस. मानधन १२ हजार, त्या काळात मला आनंद झाला होता. फिरतीचे ३,४०० माझ्या खिशातले. टीडीएस, म्हणजे पैसे देतानाच कापला जाणारा आयकर, १,२०० गेला. ७,४०० उरले, म्हणजे दिवसाला ७४०. आमच्या गल्लीत त्याच वेळी एका घराचं काम चाललं होतं, तिथला गवंडी दिवसाला ९०० घेत होता आणि शनिवारी हातात पैसे घेऊन जात होता. मला ते १०,८०० मिळाले ९७व्या दिवशी.

या ९७ दिवसांविषयी जरा सविस्तर लिहिते, कारण मुक्त पत्रकाराचं मन कमी पैशाने खचत नाही इतकं वाट पाहण्याने खचतं. "अकाउंटला पाठवलंय." "साहेब रजेवर आहेत." "पुढच्या सायकलमध्ये लागेल." "तुमचा व्हेंडर कोडच झालेला नाही, कोणी सांगितलं नाही का?" स्वतःच्याच पैशासाठी सातव्यांदा फोन करताना आवाज आपोआप मऊ होतो, कारण पुढची बातमीही त्याच माणसाला द्यायची असते. हा मऊपणा अंगात मुरतो. मी एकदा एका मासिकाकडे १४ महिन्यांनी पैसे आल्यावर चक्क "खूप आभारी आहे" असा निरोप पाठवला होता. नंतर स्वतःचीच चीड आली.

यावर मला लागू पडलेला उपाय सांगते. केंद्र सरकारच्या पोर्टलवर उद्यम नोंदणी फुकट होते, आधार आणि पॅनवर, एका बैठकीत. सेवा देणारा एकटा माणूससुद्धा सूक्ष्म उद्योग म्हणून नोंदवता येतो. २००६ च्या सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योग कायद्यात नोंदणी असलेल्या अशा उद्योगाचे पैसे लेखी करार असेल तर जास्तीत जास्त ४५ दिवसांत आणि करार नसेल तर १५ दिवसांत द्यावेत असं आहे. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज. तक्रारीसाठी सुविधा परिषद आहे आणि ती ऑनलाइन करता येते. मी परिषदेकडे कधी गेले नाही. पण बिलाच्या डोक्यावर उद्यम क्रमांक आणि तळाशी "देय मुदत ४५ दिवस" एवढं छापायला लागल्यापासून फरक पडला. २०२४ पासून आयकरातही अशी तरतूद आली की सूक्ष्म-लघु उद्योगाचे पैसे मुदतीत दिले नाहीत, तर ती रक्कम प्रत्यक्ष दिली जाईपर्यंत खर्च म्हणून वजा करता येत नाही. संपादकाला ही भाषा कळत नाही, लेखा विभागाला चटकन कळते. फक्त नोंदणी काम घेण्याच्या आधीची असू द्या, नंतर केलेली वादात टिकेल याची खात्री धरू नका.

टीडीएसचं थोडक्यात: व्यावसायिक मानधनावर १० टक्के कापतात, पॅन दिला नाही तर २०. तो कर बुडालेला नसतो. उत्पन्न करपात्र मर्यादेत नसेल तर विवरणपत्र भरून तो परत मिळतो. कित्येक तालुका वार्ताहर विवरणपत्र भरतच नाहीत आणि दरवर्षी हजारो रुपये सरकारजमा ठेवतात. शिवाय तीन वर्षांची विवरणपत्रं हाच आपला पगारपत्रकाचा पर्याय. घरकर्जाला बँकेत गेलं की पहिला प्रश्न "सॅलरी स्लिप?" आणि दुसरा प्रश्न नसतोच. (मुलगी पाहायला गेल्यावरही साधारण हेच घडतं असं माझे तरुण सहकारी सांगतात. "मुक्त पत्रकार" म्हटलं की मुलीचे वडील "म्हणजे सध्या काय करता?" असं विचारतात.)

आता तुम्ही ज्याला मुक्त पत्रकारिता म्हणताय आणि आपल्याकडे जी प्रत्यक्षात चालते, त्यातला फरक पाहा. महाराष्ट्रात गावोगावच्या बातम्या ज्यांच्याकडून येतात ते तालुका वार्ताहर, अंशकालीन प्रतिनिधी आणि वाहिन्यांचे स्ट्रिंगर कागदोपत्री सगळे "मुक्त"च आहेत. कॉलम सेंटीमीटरवर मोजून मानधन, तेही लागलेल्या बातमीचं. वाहिनीसाठी एका बातमीमागे दोनशे ते पाचशे रुपयांवर काम करणारी पोरं मी ओळखते. कॅमेरा त्यांचा, पेट्रोल त्यांचं, बातमी चालली तर पैसे. काही ठिकाणी बूम, म्हणजे वाहिनीच्या नावाचा माइक, मिळवायला अनामत भरावी लागते. मग कमाई कुठून? जाहिरातीच्या कमिशनमधून. १५ ऑगस्ट, २६ जानेवारी, दिवाळी, वर्धापनदिन आणि साहेबांचा वाढदिवस. प्रत्येक पुरवणीला टार्गेट. जाहिरातदाराने पैसे बुडवले तर वसुली वार्ताहराच्या मानधनातून. सोमवारी ज्या सरपंचाकडे पाव पानाची शुभेच्छा मागितली, त्याला मंगळवारी पाण्याच्या टाकीचं बिल कुठे गेलं हे कोण विचारणार? तुमची टँकरची बातमी तुमच्या संपादकाने पाडली. तालुक्यातल्या माणसाला ती आधीच स्वतःच्या मनात पाडावी लागते. त्यामुळे "नोकरीत दबाव, बाहेर स्वातंत्र्य" अशी विभागणी तुम्ही मनात केली असेल तर ती खोडा. जाहिरातीशी संबंध असलेलं कोणतंही काम मुक्त पत्रकार म्हणून घ्यायचं नाही, ही माझी एकच अट मी कधी मोडलेली नाही. तिची किंमत मला दरवर्षी मोजावी लागते.

दुसरा एक प्रकार आहे, फिक्सरचा, म्हणजे बाहेरच्या पत्रकाराच्या स्थानिक मदतनिसाचा. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून जलदूत ही पाण्याची रेल्वे लातूरला आली, पहिल्या फेरीत दहा वाघिणींत पाच लाख लिटर पाणी. तुम्ही तेव्हा नोकरीत नसाल, पण शहर आठवत असेल. देशभरातून आणि बाहेरून पत्रकार उतरले होते. त्यांना गावं दाखवणं, माणसं शोधणं, मराठीतलं इंग्रजीत सांगणं हे काम आम्ही स्थानिकांनी केलं. दिवसाचे पैसे चांगले मिळाले, माझ्या लेखाच्या मानधनापेक्षा जास्त. पण कळंबजवळच्या ज्या बाईंनी फक्त माझ्या ओळखीवर दार उघडलं, त्यांची गोष्ट दुसऱ्याच्या नावाने छापून आली आणि खाली माझं नाव कुठेही नव्हतं. त्या बाईंनी पुढे फोन करून मला विचारलं, "ताई, तुम्ही लिहिलंत का आमचं?" तेव्हापासून मी स्थानिक मदतीचं काम घेते ते "वृत्तसाहाय्य" म्हणून नाव छापण्याच्या लेखी अटीवरच. निम्मे लोक मान्य करतात.

लेखी. हा शब्द मी तुम्हाला कंटाळा येईपर्यंत सांगणार आहे. कारण कायदा आपल्याला पाहतो तो कागदावरून. २०२५ मध्ये नव्या कामगार संहितेत विलीन झालेल्या १९५५ च्या श्रमिक पत्रकार कायद्याची व्याख्या बघा: ज्याचा मुख्य व्यवसाय पत्रकारिता आहे आणि जो वृत्तपत्राच्या सेवेत, पूर्णवेळ वा अंशकालीन, नेमलेला आहे तो. नेमलेला. वृत्तपत्र कर्मचाऱ्यांचे पगार ठरवणाऱ्या मजिठिया वेतन मंडळाच्या शिफारशी २०११ साली अधिसूचित झाल्या, सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०१४ मध्ये त्या उचलून धरल्या, पत्रकार संघटनांनी पेढे वाटले. माझ्या पिढीच्या मुक्त पत्रकारांना त्यातला एक रुपया लागू झाला नाही, कारण आम्ही कोणाचेच नेमलेले नव्हतो. उलट काही ठिकाणी वेतन मंडळ टाळायला कायम माणसांनाच कंत्राटावर आणि मग "मुक्त" करून टाकलं गेलं. मारहाणीविरुद्धचा महाराष्ट्राचा २०१७ चा कायदा चांगला आहे. दखलपात्र आणि अजामीनपात्र गुन्हा, तीन वर्षांपर्यंत कैद, उपअधीक्षकाच्या खालच्या अधिकाऱ्याकडे तपास नाही. पण त्यातही माध्यमकर्मी म्हणजे नियमित किंवा कंत्राटी पद्धतीने कोणत्यातरी माध्यम संस्थेशी बांधलेला माणूस. वाळूच्या ठेक्यावर तुम्हाला मारलं आणि ठाण्यात अंमलदाराने "कुठल्या पेपरचे?" असं विचारलं, तर त्या क्षणी खिशात काय आहे त्यावर कलम ठरतं.

म्हणून प्रत्येक मोठ्या कामाआधी संपादकाकडून दोन ओळींचा ईमेल मागून घ्या: अमुक विषयावर अमुक मुदतीत आमच्यासाठी वार्तांकन करत आहेत. बहुतेक जण देतात, फक्त मागणाऱ्यालाच लाज वाटते. तोच ईमेल अधिस्वीकृतीच्या, म्हणजे पत्रकार म्हणून सरकारी मान्यतेच्या, फाइलला उपयोगी पडतो, आणि अधिस्वीकृती मिळाली तर एसटीचा प्रवास आणि मंत्रालयाचं दार दोन्ही सोपं होतं. कात्रणंही जपा, तारखेसह. ज्येष्ठ पत्रकारांसाठी राज्याची आचार्य बाळशास्त्री जांभेकर सन्मान योजना आहे, तिला वयाबरोबर पत्रकारितेची वर्षंही दाखवावी लागतात. नोकरीवाल्याकडे नेमणूकपत्र असतं. आपल्याकडे कात्रणांचं गाठोडं. माझ्या ओळखीचे एक काका चाळीस वर्षं लिहीत होते, वाळवीने त्यातली पंचवीस खाल्ली.

कॉपीराइटचं तर कोणी बोलतच नाही, आणि खरा पैसा तिथे आहे. १९५७ च्या कायद्याप्रमाणे तुम्ही नोकरीत असताना लिहिलेल्या मजकुराचा वृत्तपत्र-नियतकालिकात छापण्याचा हक्क मालकाचा असतो, करारात वेगळं काही नसेल तर. मुक्त पत्रकाराचं तसं नाही. हक्क त्याचाच राहतो आणि लेखी सही करून दिल्याशिवाय तो कोणाकडे जात नाही. सही केली पण किती वर्षांसाठी हे लिहिलं नाही, तर पाच वर्षं धरली जातात. कोणत्या प्रदेशापुरतं हे लिहिलं नाही, तर भारतापुरतं. हे वाचल्यावर मी माझ्या जुन्या करारांच्या पीडीएफ काढल्या. तीन ठिकाणी मी "सर्व माध्यमांत, सर्व भाषांत, कायमस्वरूपी, जगभर" अशा वाक्याखाली सही केली होती. एका लेखाचे तर दीड हजार मिळाले होते. आता मी त्या वाक्यावर काट मारून "प्रथम प्रकाशनाचा हक्क, मराठी भाषा" एवढं लिहून परत पाठवते. दहांतले सहा जण काही न बोलता मान्य करतात, कारण तो मसुदा त्यांनी स्वतःही वाचलेला नसतो. ऊसतोडीच्या त्या वसतिगृहांच्या बातमीने मला अखेर भागवलं ते असं: मराठीत आली, मग हिंदीत वेगळ्या मांडणीने, मग एका इंग्रजी संकेतस्थळासाठी, आणि शेवटी दिवाळी अंकात लांब लेख. चार मिळून ३९ हजार झाले. दहा दिवसांचे १६ झाले खरे, पण गवंड्याला मागे टाकलं.

करारात आणखी एक कलम डोळ्यांत तेल घालून बघा. "मजकुरामुळे उद्भवणाऱ्या कोणत्याही दाव्याची जबाबदारी लेखकाची राहील आणि तो संस्थेस नुकसानभरपाई देईल." अब्रुनुकसानीच्या नोटिसा कधी कधी खर्च वाढवण्यासाठीच लांबच्या कोर्टातून येतात. नोकरीत असताना कंपनीचा वकील उभा राहतो. बाहेर तुम्ही आणि तुमची एसटी. हे कलम निघत नसेल तर निदान "संस्थेच्या कायदेशीर तपासणीनंतर प्रसिद्ध झालेल्या मजकुरासाठी लागू नाही" एवढं घालून घ्या. तेही नाही म्हणाले, तर ठेकेदार-पुढाऱ्यांची बातमी त्यांना देऊ नका. सणांवरचा लेख द्या.

जिवाच्या धोक्याविषयी. मुकेश चंद्राकर हे नाव तुम्ही ऐकलं असेल. छत्तीसगडच्या बस्तरमधल्या बिजापूरचा मुक्त पत्रकार, स्वतःचं यूट्यूब चॅनल चालवायचा, वाहिन्यांनाही बातम्या द्यायचा. रस्त्याच्या कामातल्या गैरव्यवहाराची बातमी आली. १ जानेवारी २०२५ ला तो बेपत्ता झाला आणि ३ तारखेला एका ठेकेदाराच्या आवारातल्या सेप्टिक टँकमध्ये त्याचा मृतदेह सापडला. त्याच्या मागे कोणतीही मोठी कचेरी नव्हती, शोध सुरू करायला लावला तो भावाने आणि स्थानिक पत्रकारांनी. आपल्याकडे राजापुरात शशिकांत वारिशे यांना फेब्रुवारी २०२३ मध्ये गाडीखाली चिरडलं, ते तर स्थानिक दैनिकाचे पत्रकार होते. मोठ्या शहरातून आलेला बातमीदार बातमी करून निघून जातो. आपल्याला त्याच गावातून दूध आणायचं असतं. मी करते ते एवढंच: फिरतीवर निघताना दोन माणसांना मार्ग आणि परतीची वेळ सांगून ठेवते, त्यांतला एक पत्रकार असतो. ठरलेल्या वेळेनंतर दोन तासांत माझा फोन नाही आला तर काय करायचं हे त्याला लिहून दिलेलं आहे. कागदपत्रांच्या प्रती घरात ठेवत नाही. अपघात विमा घेतलाय, आणि बँक खात्यातून वर्षाला २० रुपये कापणारी प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजनाही, दोन लाखांची. बातमीदाराला २० रुपयांत दोन लाख, हा दर कोणताही संपादक देणार नाही.

बाई म्हणून दोन गोष्टी जास्तीच्या. रात्री उशिरा स्टँडवर उतरायचं नाही म्हणून मुक्काम करावा लागतो, आणि तो खर्च कोणी देत नाही. पुरुष सहकारी पहाटेच्या गाडीने परत येतो, माझे सहाशे रुपये जातात. आणि घरून काम करते म्हणजे मोकळी आहे, हा समज. गॅस आला की मी, पाहुणे आले की मी, बँकेत नंबर लावायला मी, "नाहीतरी घरीच असतेस." एका उपसचिवांशी फोनवर बोलत असताना सासूबाईंनी मला दाण्याचं कूट करायला सांगितलं होतं. उपसचिवांनीही ऐकलं. ते म्हणाले, "आधी कूट करा, मी आहे सहापर्यंत." पुढे ते माझे चांगले सूत्र झाले, पण प्रत्येक जण असा नसतो. मी नंतर घराजवळ एका अभ्यासिकेत महिन्याला सातशे रुपये भरून खुर्ची घेतली. तिथून जितका मजकूर निघाला तितका घरच्या टेबलावरून निघाला नसता.

एवढं सगळं ऐकून तुम्ही विचाराल, मग १६ वर्षं का करताय? समाधानाचा भाग इथे येतो.

२०१९ साली बीडच्या ऊसतोड बायकांच्या गर्भाशय काढून टाकण्याच्या शस्त्रक्रियांचा विषय गाजला. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. पाहणीत ८२,३०९ बायकांपैकी १३,८६१ जणींची शस्त्रक्रिया झालेली आढळली. दोन-तीन महिने सगळे तिथे होते, मग पावसाळा आला, निवडणुका आल्या. मी नोकरीत असते तर मला डेस्कने सांगितलं असतं, "ती झाली आता." मुक्त असल्यामुळे मी त्याच चार वस्त्यांवर पाच वेळा परत गेले, शेवटची गेल्या वर्षी. चाळिशीच्या आत गर्भाशय गेलेल्या बाईची कंबर पाच वर्षांनी कशी असते, मुकादमाची उचल तिने कशी फेडली, तिची मुलगी अठराची होण्याआधी लग्नाला कशी उभी राहिली, हे पहिल्या भेटीत कळत नाही. पाचव्या भेटीत त्यांच्यातल्या एकीने मला विचारलं, "तुमचं बरं चाललंय ना? मागच्या टायमाला खोकला होता." त्या लेखाचे मला नऊ हजार मिळाले. हिशेबात तो लेख तोट्याचा आहे. मी तो पुन्हा करेन.

एवढंच आहे समाधान: विषय आपण निवडायचा आणि तो संपला कधी हेही आपणच ठरवायचं. नोकरीत मला हे सात वर्षांत एकदाही मिळालं नव्हतं. पण ते रोज मिळत नाही. वर्षातले साठ-सत्तर दिवस असे असतात. बाकीचे बिलांचे, पाठपुराव्याचे, भाषांतराचे, आणि न आलेल्या उत्तरांचे. आपण पाठवलेल्या विषयावर संपादकाचं "नको" आलं तर मी आनंदाने पुढे जाते. काहीच न येणं वाईट. मी आता दहाव्या दिवशी एक आठवण पाठवते आणि पंधराव्या दिवशी "हा विषय दुसरीकडे देत आहे" असं कळवून खरोखर देऊन टाकते.

तुमच्याबाबतीत माझं मत: या दिवाळीपर्यंत सोडू नका. तोपर्यंत बाहेरचं एक उत्पन्न उभं करा, भाषांतर असो की शिकवणं. नोकरीच्या अटींत बाहेरच्या कामाला परवानगी आहे का ते बघा, नसेल तर लेखी मागा. उद्यम नोंदणी करा. आरोग्य विमा नोकरीत असतानाच स्वतःच्या नावाने सुरू करा, कारण जुन्या आजारांसाठीचा प्रतीक्षा काळ तेवढा लवकर सरतो. पीएफ काढून कॅमेरा घेऊ नका, हे मी हात जोडून सांगते. फोनमधले सूत्रांचे नंबर वहीत उतरवा, ऑफिसचं सिम परत द्यावं लागतं.

आणि ती टँकरची बातमी. लिहून दिलेला मजकूर तुमच्या दैनिकाचा, तो जसाच्या तसा दुसरीकडे देऊ नका. फेऱ्यांची नोंद, गाडीचे क्रमांक, विहिरीची पातळी या वस्तुस्थितीवर मात्र कोणाचाच कॉपीराइट नसतो. माहिती अधिकारात जीपीएस नोंदी आणि लॉगबुकच्या प्रती स्वतःच्या नावाने नव्याने मागवा, त्या गावात पुन्हा जा, माणसांशी पुन्हा बोला. जाताना एसटीचं तिकीट टाकून देऊ नका. मार्चअखेर खर्चात धरायला लागेल.